दोन जोड, तीन ऑर्डरी: चपलांच्या एका दुकानाचा साठा वेबसाइट आणि मार्केटप्लेसवर जुळवताना

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत एका कुटुंबाचं जुनं दुकान आहे. माल सुभाषनगर आणि कापशीकडच्या कारागिरांकडून येतो. गल्ल्यावर आप्पा बसतात आणि ऑनलाइनचा सगळा कारभार त्यांच्या सूनबाई सांभाळतात. मी त्यांना वहिनी म्हणतो. विक्री तीन तोंडांनी होते: दुकानातली, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसमध्ये ऑनलाइन दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) उभ्या केलेल्या स्वतःच्या वेबसाइटवरची, आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवरची, म्हणजे अनेक विक्रेते जिथे माल विकतात अशा अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवरची. वेबसाइट आणि मार्केटप्लेस यांच्यामध्ये एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवलेलं होतं. दर पंधरा मिनिटांनी ते तिकडच्या ऑर्डरी इकडे आणायचं आणि इकडचा साठ्याचा आकडा तिकडे लिहायचं.

हे निभावून गेलं, कारण ऑर्डरी थोड्या होत्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, उगमाचा उल्लेख केला नाही आणि इथे संतापाची लाट उठली. २०१९ सालापासून भौगोलिक मानांकन असलेली वस्तू, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांची. पुढे कंपनीने महाराष्ट्र चेंबर या व्यापार-उद्योगाच्या संघटनेला पत्र लिहून भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. या सगळ्यात देशभरातले लोक खऱ्या कोल्हापुरीचा शोध घेऊ लागले आणि या दुकानाकडे, ऐन पावसाळ्यात, दिवाळीसारखी मागणी आली.

त्याबरोबर एक दुखणं उघडं पडलं. ऑर्डर यायची, वहिनी कपाटात बघायच्या, आणि जोड नसायचा. मग रद्द करायची. वेबसाइटच्या गिऱ्हाइकाला फोन करून दुसरा रंग सुचवता येतो, बहुतेक जण ऐकतातही. मार्केटप्लेसवर तशी सोय नाही. तिथे विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण मोजलं जातं. अ‍ॅमेझॉनच्या नियमात ही मर्यादा २.५ टक्के आहे. आठवड्याला ४० ऑर्डरी करणाऱ्या दुकानाची एकच ऑर्डर रद्द झाली की मर्यादेला टेकलो. मोठ्या विक्रेत्याला न जाणवणारी चूक छोट्याचं खातं धोक्यात आणते, आणि म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं.

एका जोडाचा माग

कुठे गळती आहे हे शोधायला आम्ही प्लगइनची नोंदवही, वेबसाइटच्या ऑर्डरी आणि मार्केटप्लेसच्या ऑर्डरी एकत्र लावून एकाच मालाचा माग काढला. कापशी, नैसर्गिक रंग, ८ नंबर. सकाळी कपाटात दोन जोड. दोन्हीकडे आकडा २.

१०:०२ ला मार्केटप्लेसवर एक ऑर्डर पडली. ती लगेच पक्की होत नाही. पैशांची खात्री पटेपर्यंत 'पेंडिंग' राहते. मार्केटप्लेसने स्वतःच्या बाजूने आकडा १ केला. प्लगइन मात्र फक्त पक्क्या ऑर्डरी आणत होतं, त्यामुळे वेबसाइटच्या लेखी अजून दोन जोड होते. १०:१५ ला प्लगइन जागं झालं आणि त्याने वेबसाइटचा २ हा आकडा मार्केटप्लेसवर लिहिला. विकलेला जोड पुन्हा विक्रीला उभा राहिला.

१०:२१ ला वेबसाइटवरून एक जोड गेला, वेबसाइटवर १ उरला. १०:३० ला तो १ मार्केटप्लेसवर गेला. खरं तर कपाटातल्या दोन्ही जोडांना आता गिऱ्हाईक होतं. १०:३४ ला सकाळची पेंडिंग ऑर्डर पक्की झाली. १०:४१ ला मार्केटप्लेसवर त्याच जोडाची आणखी एक ऑर्डर पडली. १०:४५ ला प्लगइनने पक्की झालेली ऑर्डर आणली, वेबसाइटचा आकडा शून्य केला आणि तिकडेही शून्य लिहिलं.

आता दोन्हीकडे शून्य, म्हणजे पडद्यावर सगळं जुळलेलं. जोड दोन आणि ऑर्डरी तीन. वहिनींनी तिन्ही ऑर्डरींचे कागद टेबलावर मांडले तेव्हा आप्पा म्हणाले, "जोड दोनच हाईत. तिसऱ्याला काय द्यायचं?"

इतकं बारीक सांगायचं कारण असं, की साठा जुळवण्याच्या बहुतेक व्यवस्था शेवटी आकडे सारखे आले की 'यशस्वी' असा शेरा मारतात. इथे प्लगइनच्या नोंदवहीत त्या सकाळी एकही त्रुटी नव्हती. पंधराऐवजी पाच मिनिटांनी चालवा, असा सल्ला आधी मिळालेला होता. त्याने चूक कमी वेळा घडली असती, पण घडतच राहिली असती, कारण पेंडिंग ऑर्डर तासभर राहिली तर त्या तासात बारा वेळा तोच आकडा पुसून लिहिला जातो. दोन घड्याळं एकमेकांकडे बघून लावली तर ती सारखी वेळ दाखवतील, बरोबर वेळ दाखवतीलच असं नाही.

वेबसाइटच्या बाजूलाही अशीच एक फट होती. यूपीआयचं पान उघडून गिऱ्हाईक थांबलेलं असतं तेव्हा वूकॉमर्स तो माल राखून ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये ६० मिनिटं. पण हा राखीव नग वेगळ्या तक्त्यात असतो, पैसे येईपर्यंत साठ्याचा मुख्य आकडा कमी होत नाही. प्लगइन वाचायचं तो मुख्य आकडा. म्हणजे वेबसाइटने स्वतःच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेला जोड मार्केटप्लेसवर बिनदिक्कत मोकळा दिसायचा.

आकड्याऐवजी नोंद

आम्ही प्लगइनचं साठ्याचं काम बंद केलं आणि मध्ये एक खातेवही आणली. साधा डेटाबेस, एकच मुख्य तक्ता. त्यात साठा किती आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं, काय घडलं ते लिहिलेलं असतं: आवक, राखीव, राखीव सुटला, विक्री, परत आला, खराब. प्रत्येक ओळीला एसकेयू (मालाच्या त्या प्रकाराचा कोड), नग, कुठून आली, ऑर्डर क्रमांक आणि वेळ. विकायला मोकळा साठा ही या ओळींची बेरीज-वजाबाकी. तो निघाला की दोन्हीकडे पाठवायचा. वेबसाइट आता साठ्याची मालकीण राहिली नाही, मार्केटप्लेससारखीच एक विक्रीची जागा झाली. हा बदल वहिनींना पटायला वेळ लागला, कारण वेबसाइटच्या पानावर जाऊन आकडा बदलायची सवय होती. आता तिथे बदललेला आकडा पुढच्या फेरीला पुसला जातो. माल आला तर खातेवहीत 'आवक' टाकायची, दुसरा रस्ता नाही.

पेंडिंग ऑर्डरीही आम्ही आणू लागलो. त्या टप्प्यावर गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता मिळत नाही, पण एसकेयू आणि नग मिळतो, आणि राखीव टाकायला तेवढं पुरतं. ऑर्डर पक्की झाली की राखीवची विक्री होते, बारगळली की राखीव सुटतो. वेबसाइटवर पैशांसाठी थांबलेल्या ऑर्डरींनाही हाच नियम.

ऑर्डर दोनदा येण्याचा प्रश्न मात्र काळजीने सोडवावा लागतो, आणि घाईत लोक नेमका तोच सोडतात. आम्ही ऑर्डरी मागताना मागच्या फेरीच्या वेळेपासून न मागता त्याच्याही थोडं आधीपासून मागतो, कारण दोन सर्व्हरची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळत नाहीत आणि काठावरची ऑर्डर निसटते. असं मागितलं की काही ऑर्डरी पुन्हा येणारच. म्हणून मार्केटप्लेसचा ऑर्डर क्रमांक, ऑर्डरमधली ओळ आणि घडलेली घटना मिळून एक किल्ली केली आणि डेटाबेसलाच सांगितलं की ही किल्ली दुसऱ्यांदा लिहून घेऊ नकोस. तीच ऑर्डर दहा वेळा आली तरी जोड एकदाच वजा होतो.

वेबसाइटकडून ऑर्डर कळायला वेबहुक वापरला. ऑर्डर पडली की वेबसाइट स्वतःहून खातेवहीला निरोप देते, त्यामुळे पंधरा मिनिटांचा प्रश्न त्या बाजूने उरला नाही. पण फक्त वेबहुकवर विसंबू नये. वूकॉमर्समध्ये निरोप लागोपाठ पाचपेक्षा जास्त वेळा पोचला नाही तर तो वेबहुक आपोआप बंद होतो. खातेवहीचा सर्व्हर थोडा वेळ बंद पडला आणि तेवढ्यात सहा ऑर्डरी आल्या की पुढचे निरोप येणंच थांबतं. त्यामुळे दर काही मिनिटांनी ऑर्डरींची यादी मागवून पडताळणीही चालते. हे काम वर्डप्रेसच्या आतल्या क्रॉनवर (ठरलेल्या वेळी काम चालवणारी सोय) न ठेवता सर्व्हरच्या क्रॉनवर ठेवलं. आतला क्रॉन कोणी साइटवर आलं तरच हलतो, आणि रात्री तीन वाजता कोल्हापुरी चपला बघायला येतंय कोण?

एसकेयू जुळवणं हे कंटाळवाणं काम, पण ते केल्याशिवाय वरचं सगळं व्यर्थ होतं. वेबसाइटवर माप ८ असं होतं, मार्केटप्लेसवर काही ठिकाणी युरोपियन ४२. दोन डिझाइनमध्ये कोणीतरी ८ ला ४१ जोडून ठेवलं होतं, म्हणजे तिथे साठा बरोबर असूनही जोड चुकीचा जात होता. एक्सेलमध्ये '७-८' असं माप लिहिलं की त्याची तारीख होते, आणि पुढे शून्य असलेला कोड शून्य गमावतो. आम्ही सगळे कोड अक्षराने सुरू होणारे केले, मापात जोडरेघ ठेवली नाही, आणि तोच कोड चपलेच्या खोक्यावर चिकटवला.

शेवटचा जोड कोणाला

साठा जुळवण्याबद्दल जिथे वाचाल तिथे एक सल्ला सापडतो: थोडा राखीव ठेवा, दहा असतील तर मार्केटप्लेसवर आठ दाखवा. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला हे ठीक आहे. या दुकानात बारा डिझाइन, तीन रंग, सहा मापं, म्हणजे २१६ प्रकार, आणि बहुतेकांचे एक ते तीन जोड. दोनचा राखीव ठेवला तर अर्ध्याहून जास्त माल मार्केटप्लेसवर 'उपलब्ध नाही' दिसेल. राखीव न ठेवावा तर निरोप पोचायला लागणाऱ्या त्या काही सेकंदांत शेवटचा जोड दोघे घेऊ शकतात. ती फट सॉफ्टवेअरने लहान करता येते, मिटवता येत नाही. हाताने बनवलेल्या, थोड्या नगांच्या मालाला तयार सल्ले लागू पडत नाहीत, हे मला इथे ठासून सांगायचं आहे.

मग निर्णय आप्पांकडे गेला, कारण तो मालाचा निर्णय होता. कोणतं डिझाइन कारागीर परत बनवून देऊ शकतो? त्यांनी यादीवर बोट ठेवत दोन भाग पाडले. नेहमीच्या चालीच्या, साध्या वेणीच्या जोडांना मार्केटप्लेसवर शेवटच्या नगापर्यंत विक्री चालू ठेवली आणि पाठवणीची मुदत वाढवून सात दिवस केली. दोघांनी एकच जोड घेतला तरी दुसरा बनवून पाठवता येतो. जरीचं काम, बारीक पंचिंग, एखाद्याच कारागिराच्या हातचे जोड, हे मार्केटप्लेसवरून काढले. ते फक्त दुकानात आणि वेबसाइटवर मिळतात.

सात दिवसांचा आकडाही कायमचा नाही. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, ते ओलं करून ठोकायचं, शिवायचं आणि वाळवायचं. जुलैत ऊन नसतं. आप्पांनी पावसाळ्यापुरती मुदत दुप्पट करायला लावली. पाठवणीची मुदत हा प्रोग्रामरने भरायचा आकडा नाही, तो कारागिराला विचारून भरायचा असतो. उशिरा पाठवल्याचीही मार्केटप्लेसवर नोंद होतेच.

दुकानातल्या विक्रीचं काय, हा प्रश्न सगळ्यांत अवघड वाटत होता. समोर गिऱ्हाईक पायात जोड घालून आरशात बघतंय आणि त्याच क्षणी तो जोड वेबसाइटवर विकला जाऊ शकतो. गल्ल्यावर स्कॅनर ठेवून बघितला. गर्दीत आप्पा स्कॅन करायचं विसरायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. समोर उभ्या माणसाकडे लक्ष द्यायचं की यंत्राकडे? शेवटी माल वेगळा केला. मागच्या खोलीतलं लाकडी कपाट ऑनलाइनचं, पुढच्या मांडण्या दुकानाच्या. खातेवहीत फक्त कपाटातला माल. पुढे एखादं माप संपलं आणि गिऱ्हाइकासाठी कपाटातून जोड काढायचा असेल तर वहिनींना हाक मारायची. त्या आधी मोबाइलवर खोक्याचा कोड स्कॅन करतात, मग जोड बाहेर येतो. या एका कपाटाने जेवढे घोळ थांबवले तेवढे आमच्या कुठल्याही कोडने थांबवले नसतील असं मला वाटतं. त्याची किंमत अशी की थोडा माल दोन ठिकाणी वाटला गेला आणि काही प्रकार ऑनलाइन कमी दिसू लागले. आप्पांना ते मान्य होतं.

परत आलेला माल आणि हिशेब

आधीच्या व्यवस्थेत ऑर्डर रद्द झाली की साठा आपोआप वाढायचा. वूकॉमर्सचं ते नेहमीचं वागणं आहे आणि पाठवणीआधीच्या रद्दसाठी ते योग्यच. पण कॅश ऑन डिलिव्हरीचा जोड गुवाहाटीला गेला, गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही, स्थिती 'रद्द' झाली, तेव्हा जोड कुरिअरच्या गाडीत असतो आणि साठ्यात मात्र हजर होतो. आता परतीची नोंद जोड हातात आल्यावरच होते. वहिनी जोड उलटा करून तळ बघतात, घासलेला आहे का. कान ताणलेला आहे का. डावा-उजवा एकाच मापाचा आहे का. तिन्ही ठीक असेल तर 'परत आला', नाहीतर 'खराब', आणि तो कारागिराकडे दुरुस्तीला. डावा ८ आणि उजवा ७ असा परत आलेला जोडही मी पाहिला आहे.

हिशेबात एक चूक शांतपणे चालू होती. मार्केटप्लेसची ऑर्डर वेबसाइटवर आणल्यावर वेबसाइटही तिचं बिल बनवायची, म्हणजे एका विक्रीची दोन बिलं. ती थांबवली आणि दोन्हीकडच्या बिलांच्या क्रमांकमालिका वेगळ्या केल्या. शिवाय कराचा दर ऑर्डरच्या ओळीतच साठवायला लावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी १,००० रुपयांपर्यंत १२ आणि वर १८ टक्के होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला विकलेला जोड महिनाअखेरीस परत आला तर त्याची क्रेडिट नोट (आधीचं बिल कमी करणारा कागद) जुन्याच दराने निघायला हवी. कराचा दर मालाच्या पानावरून वाचणारी व्यवस्था इथे हमखास चुकते.

बँकेत जमा होणारी रक्कम आणि विक्री कधीच जुळत नाही, आणि वहिनींना त्याची धास्ती वाटायची. कमिशन आणि पाठवणी खर्च सोडला तरी मार्केटप्लेस जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या रकमेतून आधीच कापून घेतलेला कर) कापतं, जुलै २०२४ पासून तो ०.५ टक्के आहे, आणि आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के. दोन्ही रकमा आपल्या कराच्या खात्यावर जमा दिसतात, त्या मागून घ्यायच्या असतात. आम्ही मार्केटप्लेसच्या प्रत्येक जमा पत्रकातली ओळ ऑर्डर क्रमांकाने खातेवहीला जोडली. आता कोणत्या ऑर्डरीचे पैसे आलेले नाहीत हे यादीत दिसतं.

आता कुठे आहोत

रोज पहाटे एक पडताळणी चालते. खातेवही, वेबसाइट आणि मार्केटप्लेस यांचे आकडे समोरासमोर ठेवते आणि फरक असलेल्या ओळी वहिनींच्या मोबाइलवर पाठवते. फरक आपोआप दुरुस्त करायला मी मुद्दाम सांगितलेलं नाही. आपोआप पुसला गेलेला फरक म्हणजे हरवलेला पुरावा. कुठून गळतंय ते त्यातूनच कळतं. यादी बहुतेक दिवशी रिकामी असते. आठवड्यातून एकदा एका डिझाइनची खोकी हाताने मोजली जातात.

ज्यांचे तीन-चार मार्केटप्लेस आहेत त्यांनी स्वतः खातेवही बांधण्याआधी युनिकॉमर्स, इझीईकॉम यांसारख्या तयार सेवा जरूर तपासाव्यात. विचारताना दोन प्रश्न आधी विचारा: पेंडिंग ऑर्डर राखीव धरता का, आणि परत येणारा माल हातात येण्याआधी साठ्यात टाकता का. या दुकानाला एकच मार्केटप्लेस होतं आणि शेवटच्या जोडाचे नियम डिझाइनगणिक वेगळे हवे होते, म्हणून आम्ही स्वतः बांधलं.

प्रदर्शनांचं अजून बसलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनाला कपाटातले जोड ट्रंकेत जातात आणि आठवडाभर तिथे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. सध्या जाताना सगळी ट्रंक 'प्रदर्शन' या वेगळ्या जागी हलवली अशी नोंद करतो, म्हणजे ते जोड ऑनलाइन दिसत नाहीत, आणि परत आल्यावर मोजून आत घेतो. विकलेले जोड नंतर बिलबुकावरून टाकावे लागतात. रेंज नसतानाही स्कॅन साठवून ठेवणारं आणि मिळाल्यावर पाठवणारं छोटं अ‍ॅप वहिनींनी मागितलं आहे. त्याचं काम सुरू आहे.